सहा घरांचा पूल

मांजरसुंबा म्हटलं की प्रवाशांना चौक आठवतो. सोलापूर-धुळे महामार्ग, त्याला आडवा जाणारा पाटोदा-केज रस्ता, ढाबे, चहाच्या टपऱ्या, थांबलेल्या एसट्या आणि बीडकडे उतरणारा घाट. शेतकऱ्याला मात्र हे गाव वेगळ्या कारणाने कळतं. बालाघाटाचा माथा इथं आहे. घाटाच्या बाजूला पडलेला पाऊस बिंदुसरेला जातो, तिथून सिंदफणेला आणि सिंदफणेतून गोदावरीला. पठाराच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस मांजरेला जातो. मांजरा धाराशिव, लातूर, बिदर असा मोठा वळसा घेते आणि तेलंगणात कंदकुर्तीजवळ त्याच गोदावरीला जाऊन मिळते. एकाच माथ्यावरचं पाणी दोन वाटांनी जाऊन शेवटी एक होतं. वर्गात हे सांगताना मुलांचे डोळे मोठे होतात.

आमची वस्ती या दक्षिण उतारावर आहे. वस्ती आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओढा आहे. नकाशावर त्याची रेघ आहे, नाव नाही. वस्तीवर सहा घरं. चार आमच्या भावकीची, एक तात्यांचं आणि एक मावशींचं. तात्या आणि मावशी आमच्या जातीधर्माचे नाहीत, पण ओढा सगळ्यांचा सारखाच आडवा येतो.

बीड जिल्ह्यातल्या ओढ्यांचा स्वभाव बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. वर्षातले आठ महिने त्यात पाणी नसतं. शेळ्या चरतात, मुलं क्रिकेट खेळतात, गाडीवाट सरळ पात्रातून जाते. मग एखाद्या दुपारी वरच्या अंगाला तासभर पाऊस पडतो, आपल्या डोक्यावर ढगही नसतो आणि ओढा काठोकाठ भरून येतो. चार-सहा तासांत तो उतरतोही. म्हणून बाहेरचा माणूस विचारतो, ‘चार तासांसाठी पूल कशाला?’

या चार तासांत काय काय असतं ते आम्हाला माहीत आहे. सकाळचं दूध डेअरीवर पोहोचत नाही. मुलांची शाळा बुडते, आणि शिक्षकाच्याच घरातली मुलं गैरहजर म्हटल्यावर हजेरीपटाकडे बघवत नाही. १०८ ची गाडी पलीकडच्या काठावर येऊन उभी राहते आणि पेशंट अलीकडे खाटेवर असतो. खताच्या गोण्या, सोयाबीनचे कट्टे, गॅसची टाकी, सगळं पलीकडे अडकतं. पाणी उतरल्यावर दोन दिवस चिखल असतो, त्यात ट्रॅक्टरची मागची चाकं रुततात. म्हणजे चार तासांचा पूर तीन दिवस आडवा येतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये अब्बांचा इंतकाल झाला. कब्रस्तान गावाकडे, ओढ्याच्या पलीकडे. जोहरनंतर जनाजा उचलायचा ठरलं होतं. गुस्ल झालं, कफन झालं, नातेवाईक पलीकडच्या काठावर छत्र्या घेऊन उभे होते आणि मध्ये पाणी होतं. असर तशीच गेली. मगरिबच्या थोडं आधी पाणी कमरेपर्यंत उतरलं. तात्यांनी दोन्ही काठांच्या बाभळींना दोर बांधला. माणसांच्या दोन रांगा दोर धरून पाण्यात उभ्या राहिल्या आणि जनाजा खांद्यावरून नाही, वर उचललेल्या हातांवरून पलीकडे गेला. रांगेतल्या कुणाचाही पाय सरकला असता तर काय झालं असतं, हा विचार त्या दिवशी कुणी बोलून दाखवला नाही. पुढं कित्येक दिवस प्रत्येकाने एकेकट्याने तो केला. पुलाचा विषय खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

अर्ज तर आधीही केलेले होते. २०२१ पासून राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे. आमच्या गाडीवाटेचं नाव यादीत होतं. यादी लांब होती आणि सहा घरांच्या वस्तीचा नंबर कुठल्याही यादीत वर नसतो. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. शंभर घरांची वाट आधी होणं बरोबरच आहे. पण तोवर काय करायचं, हा प्रश्न आमचाच होता.

कल्पना तर प्रत्येकाकडे होती. भाईजानचं म्हणणं, भंगार बाजारातून जुन्या ट्रकच्या दोन चेसी आणायच्या, दोन काठांवर टाकायच्या आणि वर लोखंडी पत्रा ठोकायचा. मोबाईलवर असे पूल दिसतात आणि परदेशात शेतकरी ते बांधतातही. पण चेसी ही चाकांवर टेकून वजन वाहण्यासाठी बनवलेली असते. फक्त दोन टोकांवर ठेवली आणि मधोमध वजन आलं की तिचं काम बदलतं. रिकामी बैलगाडी जाईल, मोटारसायकल जाईल. पण आमच्याकडे ऊस आहे आणि भरलेली उसाची ट्रॉली दहा-बारा टनांच्या पुढं जाते. आतून गंजलेलं लोखंड बाहेरून रंगवलेलं असतं, ते वेगळंच. शिवाय चेसी टेकवायला दोन्ही काठांना पक्क्या भिंती लागतातच. पुलाचा खर्च वरच्या पट्टीत कमी आणि या भिंतींत जास्त असतो. चेसी स्वस्त मिळाली तरी पूल स्वस्त होत नाही.

दुसरी कल्पना झुलत्या पुलाची. कर्नाटकातल्या सुळ्याचे गिरीश भारद्वाज यांची गोष्ट आम्ही मुलांना सांगत आलो आहोत. इंजिनिअर माणूस. १९८९ मध्ये त्यांनी आपल्या भागातल्या पयस्विनी नदीवर लोकांना सोबत घेऊन पहिला झुलता पूल बांधला. पुढं वेगवेगळ्या राज्यांत असे शंभराहून जास्त पूल उभे केले आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी पुलाच्या मानाने अगदी थोड्या खर्चात त्यांनी तुटलेली गावं जोडली. पण ते पूल चालणाऱ्यांसाठी आहेत. आम्हाला ट्रॅक्टर पलीकडे न्यायचा होता, म्हणून हाही विचार सुटला.

राहिल्या सिमेंटच्या नळ्या. सरकारी भाषेत नळकांडी पूल. हा पर्याय सगळ्यांना माहीत होता आणि सगळ्यांचा त्यावर अविश्वासही होता. त्याचं कारण वरच्या अंगाला डोळ्यांसमोर पडलेलं होतं. तिथल्या एका वस्तीने दोन फुटी तीन नळ्या टाकून वर मुरूम दाबला होता. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी पुरात बाभळीची एक मोठी फांदी आली, ती नळ्यांच्या तोंडाशी अडकली, तिच्यात काडीकचरा आणि प्लास्टिक अडकलं आणि पाण्याने बाजूचा काठ कापून नवी वाट काढली. सकाळी लोक गेले तेव्हा नळ्या जागच्या जागी होत्या, रस्ताच नव्हता. ओढ्याच्या मधोमध मुरमाचा एक ढीग आणि त्यात तीन भोकं, एवढंच उरलं होतं.

तात्या म्हणाले, ‘‘सर, नळ्या वाईट नाहीत. पाण्याला इचारलं नाही, ते वाईट.’’

पाण्याला विचारायचं म्हणजे मोजायचं. हे काम आमच्या हातचं होतं. काठाच्या बाभळींवर मागच्या मोठ्या पुराचं वाळलेलं गवत आणि पिशव्यांच्या चिंध्या लटकत होत्या. पात्रापासून ती खूण पाच फुटांवर होती. पात्र अठरा फूट रुंद, काठ सहा फूट उंच. म्हणजे ढोबळमानाने मोठ्या पुराला नव्वद चौरस फुटांची वाट लागते. वरच्या वस्तीच्या तीन नळ्यांनी किती दिली होती? दोन फुटी एका नळीचं तोंड तीन चौरस फुटांपेक्षा जरासं जास्त, तिन्ही मिळून साडेनऊच्या आत. नव्वद मागणाऱ्याला साडेनऊ दिले तर तो बाजूची भिंत फोडणारच.

हेच गणित आम्ही सातवीच्या वर्गात फळ्यावर टाकलं. दोन फुटी किती नळ्या मिळून एक चार फुटी नळी होते? बहुतेक हात ‘दोन’ म्हणून वर गेले. उत्तर चार आहे. व्यास दुप्पट झाला की तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं. शिवाय चार लहान नळ्यांत फांदी अडकते ती एका मोठ्या नळीतून निघून जाते. एका मुलीने विचारलं, ‘‘मग एवढ्या मोठ्या नळ्या लोक टाकत का नाहीत?’’ पैसे, असं उत्तर दिलं. पण खरं उत्तर असंही आहे की दुकानात उभं राहिल्यावर लहान नळी स्वस्त दिसते आणि ओढ्यात उभं राहिल्यावर महाग पडते.

या नळ्यांनाच आपल्याकडे ह्यूम पाईप म्हणतात. वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन माणसाने १९१० च्या सुमाराला साचा गरागरा फिरवून काँक्रीटची नळी घडवण्याची रीत काढली. फिरण्याच्या जोराने काँक्रीट साच्याच्या भिंतीला घट्ट दाबून बसतं. आपल्याकडे १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाईप कंपनी सुरू झाली, ती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने, आणि वालचंद मूळचे आमच्या शेजारच्या सोलापूरचे. उर्दूच्या तासाला हे सांगण्याचं काही कारण नव्हतं, तरी सांगितलं.

आमचा हिशेब असा बसला. चार फुटी तीन नळ्या शेजारी शेजारी. साडेसदतीस चौरस फूट झाले. नेहमीचा पूर त्यातून निघून जाईल. उरलेल्या मोठ्या पुराला आणखी नळ्या देण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याला पुलाच्या वरून जाऊ द्यायचं ठरवलं. पूल काठांपेक्षा सव्वा फूट खाली ठेवायचा, मधला भाग बशीसारखा, आणि वरचा थर मुरमाचा नाही, पक्क्या काँक्रीटचा. म्हणजे पाणी चढलं तरी ते काठ कापायला न जाता मधूनच, पुलावरून उतरेल. याला लोक फरशी पूल म्हणतात. पूर आला की आम्ही थांबू, पण पूर गेला की पूल जागेवर असेल आणि चिखलाचे दोन दिवस वाचतील. ‘‘मग पुरात पूल बंदच ना?’’ असं भाभींनी विचारलं. हो, बंद. वर्षातून दोन-तीन वेळा, काही तास. सहा घरांच्या पैशांत एवढंच येत होतं.

एका सहकाऱ्याच्या नात्यातले निवृत्त ज्युनिअर इंजिनिअर एका रविवारी येऊन पात्र बघून गेले. त्यांनी आमच्या नळ्या मान्य केल्या आणि कागदावर दोन गोष्टी वाढवल्या. एक, नळ्या गाड्यांच्या वजनाच्या प्रतीच्या घ्या, एनपी-३ च्या खाली उतरू नका. दोन, पुलाच्या खालच्या बाजूला, जिथं पाणी वरून पडेल तिथं, जमिनीत चार फूट खोल आडवी भिंत घ्या आणि तिच्यापुढं दगडांची फरसबंदी करा. ‘‘पूल वरून मोडत नाही, खालून मोडतो,’’ म्हणाले. पडणारं पाणी पायथ्याशी खड्डा करतं, खड्डा मागं सरकत येतो आणि एक दिवस नळ्यांखालची जमीनच नाहीशी होते. हैदराबादचा पुराना पूल मुसीवर १५७८ पासून उभा आहे, कुतुबशाही काळातला, बावीस कमानींचा. तिथं उभं राहून आपण कमानी बघतो. त्यांचा पाया किती खोल असेल हे बघायचं कुणाला सुचत नाही.

आता परवानगीची गोष्ट, कारण या बाबतीत आपल्या लोकांचा समज असा की शेत आपलं तर ओढाही आपलाच. तसं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ प्रमाणे नदी, ओढे, नाले शासनाच्या मालकीचे. त्यात मनाला येईल ते बांधता येत नाही. शेताकडे जाणाऱ्या वाटेचा हक्क मागायचा असेल तर त्याच कायद्याचं कलम १४३ आहे. वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. म्हणजे आमच्या पुलामुळे वर पाणी तुंबलं किंवा खाली कुणाचं रान कापलं, तर तक्रार आमच्याविरुद्ध होऊ शकत होती. ग्रामपंचायतीचा ठराव, तलाठ्याकडून गाव नकाशावर गाडीवाटेची खात्री आणि तहसीलला अर्ज, एवढं सगळं कागदावर केलं. वेळ गेला, पण पुढं झोप नीट लागली.

कागदापेक्षा अवघड होता खालचा शेजारी. त्यांची विहीर ओढ्याच्या काठाला आहे. ते पहिल्याच बैठकीत म्हणाले, ‘‘तुमच्या नळ्यांतून पाणी पिचकारीसारखं सुटंल आन् माझा बांध खाईल.’’ वस्तीवरच्या तरुणांना हा आडमुठेपणा वाटला. आम्हाला तो वाटला नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अरुंद तोंडातून आलेलं पाणी जोरातच बाहेर पडतं. दोन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की त्यांच्या बाजूचा बांध वीस फुटांपर्यंत दगडांनी आम्ही बांधून द्यायचा आणि पाच वर्षं तो आम्हीच राखायचा. त्यांनी ते पाचशेच्या मुद्रांकावर लिहून मागितलं. भाईजानला राग आला, ‘जबान काफी नहीं क्या?’ अम्मी म्हणाल्या, ‘‘लिखके देव. जबान हमारी है, पानी किसका सगा नहीं.’’ लिहून दिलं.

पैशांवर सर्वात जास्त रात्री गेल्या. एका नळीची लांबी अडीच मीटर. गाडीवाटेच्या रुंदीला दोन नळ्या जोडून लागतात, म्हणजे एकूण सहा. नळ्या, सिमेंट, सळई, जेसीबीचे तास, मिस्त्री, असा अंदाज अडीच लाखांच्या आसपास गेला. दगड आणि मुरूम आमच्याच रानातले, मजुरी आमचीच. तरीही घरटी चाळीस हजारांच्या वर येत होते. ज्याची चौदा एकर त्याने आणि ज्याची दोन एकर तिने सारखेच द्यायचे का? ट्रॉली कुणाची जास्त फिरणार? मावशी एकट्या, दोन एकरांच्या धनी. त्या म्हणाल्या, ‘‘माझी ट्रॉली न्हाई, पर माझी नात शाळंला जाती.’’ निम्मे पैसे घरावर आणि निम्मे एकरांवर, असं ठरलं. मावशींचा वाटा तरीही त्यांना जड होता. तो हप्त्यांनी द्यायचं त्यांनीच सांगितलं. माफी मागितली नाही आणि कुणी देऊही केली नाही, कारण ती त्यांना आवडली नसती.

या वेळी एक प्रश्न पुढं आला, तो या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांना कधी ना कधी पडला असेल. आमच्या एका नातेवाइकाने पुण्याहून जकातीची रक्कम पाठवायची तयारी दाखवली. रमजान जवळ होता. आम्ही मौलानांना विचारलं. त्यांनी सांगितलं की हनफी मतानुसार जकात हक्कदार माणसाच्या मालकीत जावी लागते. पुलाचा कुणी मालक होत नाही, म्हणून जकातीच्या पैशातून पूल बांधता येत नाही. फतावा आलमगिरीत मशिदीसोबत पुलाचं उदाहरण नाव घेऊन आलेलं आहे. सदका म्हणून किंवा नुसती मदत म्हणून दिलेली रक्कम चालते. रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हाही सदका आहे, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतोच. नातेवाइकाने जकात एका गरजू कुटुंबाला दिली आणि पुलासाठी वेगळे दहा हजार पाठवले. हिशेबाच्या वहीत ते वेगळ्या पानावर आहेत.

३१ मार्च २०२५ ला ईद झाली आणि एप्रिलमध्ये काम सुरू केलं. मृगाच्या आत संपवायचं होतं. पात्रात अडीच फूट खणल्यावर कडक मुरूम लागला. बालाघाटाचा एवढा एक फायदा आहे, काळ्या मातीखाली लवकरच भक्कम जमीन सापडते. त्यावर काँक्रीटचा थर, तो वाळल्यावर नळ्या. चार फुटी एक नळी सुमारे तीन टनांची. ती क्रेनच्या पट्ट्यात लटकत खाली येते तेव्हा कुणी बोलत नाही. नळ्या पात्राच्या पातळीपेक्षा अर्धा फूट खाली बसवल्या, म्हणजे तोंडाशी पायरी राहत नाही. दोन नळ्यांमध्ये दीड फुटाची जागा ठेवली आणि ती काँक्रीटने भरली. मिस्त्री सारखा सांगत होता की दोन्ही बाजूंनी सारखं भरा, एका बाजूने भराल तर नळी सरकेल. मे महिन्यात शाळेला सुट्टी होती, त्यामुळे आम्हीही घमेली उचलली. हाताला फोड आले तेव्हा मुलांनी फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला. त्या वर्षी मान्सून महाराष्ट्रात २५ मेलाच दाखल झाला होता, कित्येक वर्षांत इतका लवकर आला नव्हता. आमच्या नळ्या बसल्या होत्या, पण वरची फरशी राहिली होती आणि दोन्ही टोकांचा मुरूम नुसता टाकलेला होता. रात्री अकराला ओढ्याचा आवाज सुरू झाला. बॅटऱ्या घेऊन सगळी वस्ती काठावर. पाणी नळ्यांच्या अर्ध्यापर्यंत चढलं आणि तिथंच थांबलं. तीन ट्रॉल्या मुरूम वाहून गेला, बाकी काही हललं नाही. तात्या नळीच्या तोंडाकडे बघत म्हणाले, ‘‘घेतंय. पाणी घेतंय.’’ आमच्या दृष्टीने उद्घाटन तेव्हाच झालं.

उघडीप मिळताच सळई बांधून नऊ इंचांची फरशी ओतली. मग काँक्रीटला पाणी पाजायचं. पावसाळी हवा असूनही ऊन पडलं की फरशी तापायची. भाभी आणि मावशींनी गोणपाटं ओली करून अंथरायचा दोन आठवड्यांचा नेम धरला. पहाटे फजरनंतर एकदा, दुपारी दोनदा, संध्याकाळी एकदा. ७ जूनला बकरी ईद होती आणि मृगही त्याच सुमाराला निघतो. ईदची नमाज पढायला त्या दिवशी आम्ही पूल असूनही पात्राच्या कडेने, चिखलातूनच गेलो. फरशी अजून ओली होती, तिच्यावर पाय टाकायची भाभींनी कुणाला परवानगी दिली नव्हती.

आणखी आठवड्याने, १५ जूनला, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. पावसाचं पाणी बघायला आलेल्यांची पुलावर गर्दी झाली होती. चार माणसं गेली. ती बातमी वस्तीवर सगळ्यांनी एकाच मोबाईलवर पाहिली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसट्या त्यात गेल्या, तेही पुन्हा आठवलं. त्याच आठवड्यात आम्ही पुलाच्या दोन्ही टोकांना पाटी लावली: फरशीवर पाणी असताना ओलांडू नये. फरशीच्या दोन्ही कडांना पांढरे खांब रोवले आणि त्यांवर दर अर्ध्या फुटाला लाल पट्टा रंगवला. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलू शकतं, दोन फुटांत मोठीही टिकत नाही. हे मुलांना सांगितलं की पटतं. मोठ्या माणसांना पट्टे दाखवावे लागतात.

पट्ट्यांची गरज सप्टेंबरमध्ये पडली. त्या महिन्यात मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नद्या गावांत शिरल्या, जमिनी खरवडून गेल्या. आमच्या ओढ्याचं पाणी फरशीवर चौथ्या पट्ट्यापर्यंत, म्हणजे दोन फूट चढलं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत तसंच होतं. बाहेरगावचा एक जीपवाला रात्री पलीकडे आला आणि ‘जाऊ दे, जाऊ दे’ म्हणत होता. भाईजानने अलीकडून बॅटरी पट्ट्यांवर धरली आणि चौथा पट्टा दिसत नाही तोवर गाडी सुरू करू नको, एवढंच ओरडून सांगितलं. तो गाडीतच झोपला.

सकाळी दहाला फरशी दिसली. वर फांद्या, गाळ, एक प्लास्टिकची खुर्ची. नळ्यांपैकी डाव्या नळीत ओंडका अडकलेला, बाकी दोन मोकळ्या. खालच्या बाजूचे पाच-सहा मोठे दगड सरकून पुढं गेले होते. आडवी भिंत जागेवर. खालच्या शेजाऱ्यांचा बांध जागेवर. ते स्वतः येऊन त्यावरून चालत गेले, एक-दोन ठिकाणी पाय आपटून बघितले आणि काही न बोलता परत गेले. दुपारी दूध डेअरीवर गेलं.

सोयाबीन मात्र गेलं. पुलाने ते वाचवलं नाही, वाचवणारही नव्हता. चार दिवस पाण्यात उभं राहिलेल्या शेंगांना मोड आले. पंचनाम्याला आलेले कर्मचारी मोटारसायकलवर थेट रानापर्यंत पोहोचले, एवढाच काय तो पुलाचा उपयोग. तात्या हसून म्हणाले, ‘‘नुकसान बघाया तरी येळंवर आले.’’

आता नळ्यांच्या साफसफाईची पाळी लावली आहे. दर घरानं एक महिना, जून ते नोव्हेंबर, बरोबर सहा. पावसाच्या आधी तोंडाशी काही अडकलं आहे का ते बघायचं आणि वहीत सही करायची. ऑगस्ट महिना आमच्याकडे आहे. या उन्हाळ्यात खालच्या बाजूची फरसबंदी आणखी चार फुटांनी वाढवायची आहे आणि सरकलेल्या दगडांच्या जागी मोठे बसवायचे आहेत. सळईवाल्याचे नऊ हजार देणं बाकी आहे. मावशींचा शेवटचा हप्ता मागच्या आठवड्यात आला. नातीच्या हाती, रुमालात बांधून, पन्नास आणि शंभरच्या नोटा. मुलीने आमच्यासमोर त्या दोनदा मोजल्या आणि पावती मागितली.